सोलापूरला घरे किती लागतील? आधी चुली मोजा

प्रश्न थोडक्यात असा: सोलापूर शहराची वाढ मंदावली आहे, पोरं पुण्याला चालली आहेत, मग २०४१ पर्यंत नव्या घरांची गरज ती कितीशी राहणार? विचारणाऱ्या तरुण अभियंत्याने आपला हिशोबही जोडलाय. मागच्या तीन जनगणनांतून वाढीची सरासरी काढली, त्यावरून २०४१ ची लोकसंख्या, तिला घरटी माणसांनी भागले आणि शेवटी बाहेर जाणारे वजा केले. नगररचनेच्या कामात माझी पस्तीस वर्षे गेली. पहिली दहा वर्षे मीही हा हिशोब असाच करत होतो, त्यामुळे पाय कुठे घसरतो ते चांगले ठाऊक आहे.

पहिल्यांदा तीन जनगणनांचेच बघू. १९९१ मध्ये शहराची लोकसंख्या ६,०४,२१५ होती, २००१ मध्ये ८,७२,४७८ आणि २०११ मध्ये ९,५१,५५८. पहिल्या दशकात ४४ टक्के वाढ, दुसऱ्यात ९. तुम्ही दोन्हींची सरासरी घेतलीत, साधारण पावणेसत्तावीस टक्के. आता १९९२ साल आठवा. त्या वर्षी हद्दवाढ झाली. बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, शेळगी ही सगळी गावे महापालिकेत आली आणि ३३ चौरस किलोमीटरचे शहर १७८ चौरस किलोमीटरचे झाले. शेळगीचा माणूस शेळगीतच होता, नकाशावरची रेघ तेवढी त्याला ओलांडून पुढे गेली. म्हणजे तुमच्या ४४ टक्क्यांतली मोठी वाढ ही कागदावरची आहे. पावणेसत्तावीस टक्क्यांनी चाललात तर २०४१ मध्ये शहर १९ लाखांच्या पुढे जाते. ९ टक्क्यांनी चाललात तर १२ लाख ३४ हजारांवर थांबते. फरक सात लाख माणसांचा, आणि घरटी ४.२ माणसे धरली तर १ लाख ६७ हजार घरांचा. एवढी घरे एका रेघेने उभी केली! तेव्हा पहिले काम म्हणजे आजच्या हद्दीत जेवढी गावे आहेत त्यांची १९९१ ची लोकसंख्या जुन्या आकड्यात मिळवून घ्या. गावनिहाय आकडे जनगणनेच्या पुस्तिकांत असतात. तासाभराचे काम आहे, पण कोणी करत नाही.

आता त्या ९ टक्क्यांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. २००१ ते २०११ या दशकात राज्य १५.९९ टक्क्यांनी वाढले, सोलापूर जिल्हा १२.१६ टक्क्यांनी आणि शहर जेमतेम ९. हद्द तीच होती, त्यामुळे हा आकडा स्वच्छ आहे. यातून स्थलांतर काढायची जुनी रीत म्हणजे शिल्लक पद्धत: जन्मातून मृत्यू वजा करून जी नैसर्गिक वाढ यायला हवी होती ती काढायची, प्रत्यक्ष वाढीशी ताडून बघायची आणि उरेल त्याला स्थलांतर म्हणायचे. नैसर्गिक वाढ दशकाला १२ टक्के धरली तर १ लाख ४ हजार ७०० माणसे वाढायला हवी होती. वाढली ७९ हजार. म्हणजे साडेपंचवीस हजार निव्वळ बाहेर गेली. हीच नैसर्गिक वाढ १३ टक्के धरून बघा, बाहेर गेलेले होतात ३४ हजार. गृहीतक एका टक्क्याने हलले आणि स्थलांतर तिसऱ्या हिश्श्याने वाढले. शिल्लक पद्धतीचा हा स्वभावच आहे. दुसऱ्या सगळ्या आकड्यांतल्या चुका त्या शिलकीत गोळा होतात आणि आपण त्यांना ‘पुण्याला गेले’ असे नाव देऊन मोकळे होतो.

आणि खरेच पुण्याला गेले का? अक्कलकोट रोडने बाहेर पडा. हद्द संपल्यावर कुंभारी लागते. तिथे विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. घरटी पावणेपाच माणसे धरली तर ही ४७-४८ हजारांची वस्ती. कुंभारी महापालिकेत नाही, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. त्या घरांत राहायला आलेल्यांपैकी निम्मी माणसे जरी शहरातल्या झोपडपट्टीतून आणि पेठांतल्या खोल्यांतून आली असतील, तरी आपल्या साडेपंचवीस हजारांचा हिशोब तिथेच जवळपास संपतो. ती माणसे सोलापूर सोडून कुठे गेलेली नाहीत. विडीचे कारखाने तेच, बाजार तोच, दवाखाना तोच. फक्त हद्दीबाहेर झोपायला लागली. शहराच्या आकड्यात मात्र ती ‘स्थलांतर करून गेली’ आणि तालुक्याच्या आकड्यात ‘ग्रामीण वाढ’ झाली.

२०११ नंतर हेच आणखी मोठ्या प्रमाणावर झाले. माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांच्या पाठपुराव्याने कुंभारीलाच रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातली पहिली १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते दिली गेली. पुढच्या जनगणनेत शहराची वाढ आणखी कमी दिसेल, आणि कोणीतरी लेख लिहील की सोलापूर ओस पडत चालले. म्हणून घरांचा अंदाज शहराच्या हद्दीपुरता करू नका. रोज कामाला, शाळेला, बाजाराला येण्या-जाण्याचा जेवढा टापू आहे तेवढा एक धरा: शहर, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, चिंचोळी एमआयडीसीचा पट्टा. आधी त्या टापूचा एकूण आकडा, मग त्याची आत वाटणी. उलट दिशेने गेलात की एका गावाचे उणे दुसऱ्याचे अधिक होत नाही, ते हवेत राहते.

यावरून आठवले. विभागातल्या सात-आठ नगरपरिषदांचे आराखडे मी एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचले होते. प्रत्येकीने लिहिले होते की उद्योग आणि शिक्षणामुळे आमच्याकडे बाहेरून लोक येतील. सगळ्यांकडे लोक येतच होते, कुठूनही जात कोणीच नव्हते. सगळ्यांची बेरीज घातली असती तर विभागात माणसे उतू गेली असती.

म्हणून ‘निव्वळ स्थलांतर’ या शब्दावर माझा रोष आहे. निव्वळ स्थलांतरित नावाचा माणूस कुठे भेटत नाही. जाणारा वेगळा असतो, येणारा वेगळा असतो, आणि दोघांची घराची गरज वेगळी असते. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणारा बावीस वर्षांचा पोरगा आणि अक्कलकोट तालुक्यातून दोन मुलांना घेऊन शहरात भाड्याची खोली बघणारी आई, यांची वजाबाकी केली तर उत्तर काही येईल, पण त्या उत्तरात राहायला कोणीच जाणार नाही.

तुमच्या हिशोबातल्या शेवटच्या ओळीचा प्रश्न इथे येतो. समजा वर्षाला १,००० तरुण बाहेर गेले. तुम्ही १,००० ला साडेचारने भागून २२२ घरे वजा केलीत. पण ती पोरं गेली त्या दिवशी शहरातले एकही घर मोकळे झाले नाही. आई-बाप तिथेच आहेत, धाकटा भाऊ आहे, आजी आहे. पाच माणसांचे घर चार माणसांचे झाले, एवढेच. म्हणजे गेलेली माणसे लोकसंख्येतून वजा करायची असतील तर घरटी सरासरीही उतरवावी लागते. सरासरी जुनीच ठेवून माणसे वजा केली की जी घरे अजून भरलेली आहेत तीही आपण कागदावर रिकामी करून टाकतो. गरज कमी होते ती नंतर, आठ-दहा वर्षांनी, जेव्हा त्या पोरांनी इथे वेगळी चूल मांडली असती पण ती त्यांनी हडपसरला किंवा पिंपरीला मांडली. आणि तेव्हा ती २२२ पेक्षा जास्त घरांनीही कमी होऊ शकते, कारण त्या वयाच्या लग्न झालेल्या पुरुषांपैकी बरेचजण कुटुंबप्रमुख झालेले असतात. याउलट माग बंद पडला म्हणून बायकामुलांसह गाव सोडणारे कुटुंब त्याच महिन्यात एक खोली मोकळी करते. माणसे तेवढीच गेली तरी घरांवरचा परिणाम सारखा नसतो.

येणाऱ्यांचेही तसेच. लग्न होऊन येणाऱ्या मुली हा देशातल्या स्थलांतराचा सर्वांत मोठा हिस्सा. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित नोंदले गेले, त्यात बायकाच जास्त, आणि कारण बहुतेक लग्न. सून आली म्हणून त्या दिवशी नवे घर लागत नाही. खोलीत एक पडदा लागतो. घर लागते ते वेगळे निघाल्यावर. आणि शाळेसाठी शहरात बिऱ्हाड करणारी कुटुंबे तर कुठल्याच कोष्टकात नीट बसत नाहीत. बाप शेतावर, आई आणि पोरं जुळे सोलापूरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. टापूतली माणसे तेवढीच राहिली, चुली मात्र दोन झाल्या. अशी बिऱ्हाडे जिल्ह्यात कमी नाहीत, आणि एसटीच्या शनिवारच्या गर्दीत डबे-पिशव्या घेऊन ती दिसतात.

चूल हा शब्द मी भावनेने वापरत नाही. जनगणनेची कुटुंबाची व्याख्याच ती आहे: एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. नाते असो वा नसो. गोष्ट सोपी वाटते, पण दारात उभे राहिल्यावर कळते. अशोक चौकाच्या पलीकडे एका घरात आम्ही पाहणीला गेलो होतो. पुढच्या अर्ध्या भागात दोन माग खडखडत होते, बोललेले ऐकू येईना. मागच्या खोलीत एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. बरोबरच्या मुलीने विचारले, ‘‘मावशी, चुली किती?’’ बाईंनी मान वर न करताच सांगितले, ‘‘चूल एकच. गॅस दोन हाय. रेशन कार्ड तीन.’’ घरात माणसे अकरा. दोन लेक, दोन सुना. दिवसपाळीचा थोरला उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीचा धाकटा आडवा व्हायचा. आता हे कुटुंब एक की तीन? जनगणना एक म्हणेल, गॅस एजन्सी दोन आणि रेशन दुकानदार तीन. आम्ही एक लिहिले, कारण व्याख्या तसे सांगते. मग मुलीने विचारले की जागा असती तर? बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘जागा असती तर भांडून कवाच वेगळे झाले असते.’’

आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा पेच त्या एका वाक्यात आहे. भविष्यातली कुटुंबे काढायची सभ्य रीत म्हणजे वयोगटानुसार प्रमुखदर: तिशीतल्या शंभर माणसांत किती कुटुंबप्रमुख, चाळिशीतल्या शंभरांत किती, आणि मग पुढच्या काळातल्या त्या त्या वयाच्या लोकसंख्येला तो दर लावायचा. सरसकट सरासरीने भागण्यापेक्षा हे कितीतरी चांगले, कारण वय बदलले की कुटुंबे बदलतात. पण तो दर ज्या वर्षी मोजला त्या वर्षीची तंगी त्यात मुरलेली असते. घर परवडत नाही म्हणून जी सून सासूच्या खोलीत पडदा लावून राहिली, ती आकड्यात ‘एकत्र कुटुंब’ म्हणून येते. तोच दर तुम्ही २०४१ ला लावलात तर तो पडदा तुम्ही आराखड्यात कायमचा टांगलात. केंद्राच्या तज्ज्ञ गटाने २०१२ मध्ये देशातल्या शहरी घरांची तूट १ कोटी ८७ लाख ८० हजार काढली, त्यात सुमारे १ कोटी ५० लाख ही नुसत्या गर्दीमुळे, म्हणजे डोक्यावर छप्पर आहे पण जोडप्याला वेगळी खोली नाही अशा घरांची. बेघर जेमतेम ५ लाख ३० हजार. तुटीचा डोंगर भिंतींच्या आत आहे, रस्त्यावरून तो दिसत नाही.

त्यामुळे मी नेहमी दोन आकडे काढतो. एक आजच्या चालीचा, आणि एक तंगी नसती तर किती चुली झाल्या असत्या त्याचा. दुसऱ्यासाठी घरातल्या लग्न झालेल्या जोडप्यांची संख्या लागते आणि खोल्यांची. वरच्या घरात पहिला आकडा एक, दुसरा किमान दोन. शहराच्या पातळीवर याचा आवाका कळावा म्हणून एक हिशोब करा: २०११ ची लोकसंख्या आहे तेवढीच गोठवा, एक माणूस वाढवू नका. घरटी ४.९ धरली तर १ लाख ९४ हजार कुटुंबे. ४.२ धरली तर २ लाख २६ हजार. लोकसंख्या न वाढता ३२ हजार घरे वाढली. आणि आकार तर उतरणारच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, १.७ वर आला आहे. पोरं कमी, म्हातारी माणसे जास्त, एकेकटी राहणारी जास्त. ‘वाढ मंदावली म्हणून घरे नकोत’ हे वाक्य इथेच गडगडते.

याच जननदराचा आणखी एक परिणाम फारसा कोणी धरत नाही. बाहेर जाणारे असतात विशी ते तिशीचे. त्या वयाची पिढीच लहान होत गेली की जाण्याचे प्रमाण तेच राहिले तरी जाणाऱ्यांचा आकडा आपोआप घटतो. म्हणून स्थलांतर संख्येत पुढे नेऊ नका, त्या वयोगटातल्या शंभरांपैकी किती गेले असे प्रमाण पुढे न्या. निव्वळ आकडा पुढे ढकललात तर एक दिवस असा येतो की शहरात जेवढे तरुण उरलेत त्याहून जास्त तुम्ही पुण्याला पाठवता.

पाहणीच्या वेळेबद्दल एक सांगतो, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. एका भागाची नमुना पाहणी मी जानेवारीत लावली. हवा बरी, मुले मोकळी, म्हणून. घरटी माणसे साडेपाचच्या वर निघाली. मी खूश, काहीतरी नवीन सापडले म्हणून! मग एका म्हाताऱ्या शिपायाने विचारले, ‘‘साहेब, गड्ड्यात मोजलं काय?’’ सिद्धेश्वराची यात्रा चालू होती. पुण्याची पोरं घरी, माहेरवाशिणी घरी, पाहुणे घरी. सगळी पाहणी पुन्हा करावी लागली, आणि तो खर्च कसा मंजूर करून घेतला ते इथे लिहीत नाही.

जनगणनेलाही हंगाम चुकत नाही. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली. नियम असा की जो त्या पूर्ण मुदतीत घरी नव्हता तो जिथे सापडला तिथे मोजायचा. फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे ऐन गळीत हंगाम. बीडकडून आलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्यांभोवती कोप्या करून राहिलेले. ती माणसे आपल्या जिल्ह्यात मोजली जातात, आणि मे महिन्यात तिथे राख आणि पाचट उरते. त्यांना घराची गरज नाही असे मी म्हणत नाही. त्यांना हंगामी निवारा, पाणी आणि पोरांना शाळा लागते, पण ती गरज शहराच्या सदनिकांच्या आकड्यात मिळवली तर दोन्हीकडे नुकसान. २०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्चच आहे, तेव्हा हे पुन्हा होणार.

रिकाम्या घरांचा मुद्दा तुम्ही खाली टिपेत घातला आहे: जुळे सोलापूर आणि होटगी रोडला इतकी कुलपे दिसतात, मग तूट कुठली? कुलपे खरी आहेत. पुण्यात नोकरी करणारा मुलगा आई-बापांसाठी, किंवा ‘आपलं गावात काहीतरी असावं’ म्हणून फ्लॅट घेतो आणि भाड्याने देत नाही. भाडेकरू निघणार नाही ही भीती, शिवाय नळाला काही दिवसांआड पाणी येते ते भरायला कोणी हवे. म्हणजे बाहेर जाणाऱ्यांमुळे गरज घटली नाही, उलट एकेका माणसाच्या नावावर दोन घरे झाली, एक तिथे आणि एक इथे. विडी वळणाऱ्या बाईला ते कुलूप उघडत नाही. २०१२ च्या तुटीपैकी सुमारे ९६ टक्के आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटातली होती. त्यामुळे घरे एकूण किती यापेक्षा कोणत्या किमतीची किती, असे कोष्टक करा. बाजार खेळता राहायला थोडी रिकामी घरे लागतातच, तेवढी सोडा, पण सगळी कुलपे गरजेतून वजा करू नका. पेठांतली पडायला आलेली माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, जुनी घरे मात्र राहून गेली आहेत. त्यांच्या जागी नवी लागतील, ती गरजेत घाला. गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरची, घरेही सोडून दिली आहेत तुम्ही. नियमित असोत नसोत, त्यात माणसे राहतात.

शेवटचा खटका. मागच्या काळात किती लोक आले-गेले हे काही अंशी घरे किती आणि कुठे बांधली यावरच ठरलेले असते. कुंभारीला घरे झाली म्हणून माणसे तिकडे गेली. तो कल पुढे ओढून ‘तिकडेच जायचा कल आहे, सबब तिकडेच घरे बांधा’ असे म्हटले की हिशोब स्वतःचीच शेपूट धरून फिरतो. म्हणून स्थलांतराचे तीन अंदाज ठेवा: आजच्या चालीचा, बाहेर जाणे अर्ध्यावर आले तर, आणि शहरातच परवडणारी घरे झाली तर. तिन्हींत आकडा वेगळा येईल. कोणता खरा, असे बैठकीत नक्की विचारतील. तेव्हा प्रत्येकाशेजारी तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे ते एका ओळीत लिहा आणि निवड सभागृहाला करू द्या.

तुमची नमुना पाहणी अजून व्हायची आहे असे लिहिले आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा, सणांचे आठवडे सोडून. कुंभारी त्यात घ्याच. प्रश्नावलीत तीन ओळी वाढवा: चुली किती, लग्न झालेली जोडपी किती, आणि घरातले कोण बाहेरगावी आहे, कधी गेले, परत येणार आहे का. तिसऱ्या प्रश्नाला आई वेगळे उत्तर देते आणि बाप वेगळे. दोन्ही लिहून घ्या.